सोजरबाईचं सरकार

माझ्या नोकरीला धड नाव नव्हतं. हजेरीपटावर ‘मशीन-नवीस’ असा एक शब्द कुणीतरी जुळवून टाकला होता. आई शेजारणींना सांगायची, ‘आमचा मन्मथ गाणी भरतो.’ गाणी कशात भरतो, असं एकीनं विचारलं तेव्हा आईला उत्तर देता आलं नाही, आणि ती बाई बरेच दिवस मी धान्याच्या आडतीवर कामाला आहे असं समजत होती.

दिवाळी अंकासाठी त्या दिवसांवर लिहा असा आग्रह झाला, तेव्हा मी जुनी वही काढून बसलो. गावं पुष्कळ आहेत, गाणी त्याहून जास्त. सगळं सांगत बसलो तर वाचणारा कंटाळेल. म्हणून एकाच तबकडीची हकिगत सांगतो. तिच्यात माझ्या कामातलं बरंवाईट सगळं येतं.

मी अणदूरचा. आम्ही लिंगायत. घरात कानडी, गावात मराठी, आणि शाळेत निजामाची उर्दू. तीन भाषा येतात म्हणजे मोठं काही येतं असं तेव्हा आम्हाला वाटत नव्हतं, निम्म्या गावाला येत होत्या. शाळा संपल्यावर हैदराबादेत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात शिकत होतो. तिथं मीर साहेब त्यांचा रेडिओ घेऊन आले. सरकारनं त्यांच्यावर रयतेची गाणी गोळा करण्याचं काम सोपवलं होतं. मशीन आलं होतं, पण चालवणारा कुणी नव्हता. मी त्यांच्याशी उर्दूत बोललो, मालकाशी मराठीत आणि शेजारच्या पानवाल्याशी कानडीत. त्यांनी रेडिओ तिथंच ठेवला आणि मला घेऊन गेले.

आमचं काम असं चाले. गाणं भरायची तबकडी म्हणजे दुकानात मिळते ती तयार रेकॉर्ड नव्हे. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा काळा, मऊ लेप दिलेला असे. तबकडी फिरायला लागली की मी तिच्यावर कोरणारी सुई अलगद टेकवायचो. गाणारा गायला की सुई त्या लेपात बारीक चरी काढत जायची. एका बाजूला साडेतीन-चार मिनिटं मावत. खरवडलेला लेप काळ्या केसासारखा धागा होऊन वर यायचा. तो सुईत गुंतू नये म्हणून मऊ ब्रशनं सारखा आत सारायचा. एका हातात ब्रश, डोळे आवाज मोजणाऱ्या काट्यावर, कानात हेडफोन. वीज खेडोपाडी नव्हतीच, लॉरीच्या बॅटऱ्या बैलगाडीतून न्यायचो.

तुळजापूरच्या बाजूचे एक म्हातारे गोंधळी तो काळा धागा मागत होते. माझ्या आवाजातून निघालाय, माझाच आहे, असं त्यांचं म्हणणं. तो धागा ठिणगी पडली तर भडकन पेटतो, हे मी त्यांना परोपरीनं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले की तसा असणारच, तरणेपणी लोक त्यांच्या आवाजाबद्दल हेच म्हणत. मी धागा दिला नाही. पण त्या उत्तरावर मीर साहेब दोन दिवस खूश होते.

या तबकडीचा एक मोठा दोष होता. लेप मऊ असल्यामुळं ती जितक्या वेळा वाजवावी तितकी झिजे. म्हणून भरली की आम्ही ती डब्यात बंद करायचो. गाणाऱ्याला त्याचं गाणं ऐकवायचं नाही, हा नियमच होता. लोक हिरमुसायचे. मला वाईट वाटायचं, पण सवय झाली.

डब्यावर मी एक चिठ्ठी लावायचो. गाणाऱ्याचं नाव, गाव, जात, गाण्याचा प्रकार, आणि शेवटी ‘मजमून’, म्हणजे गाण्यात काय आहे ते. मजमून मीर साहेब सांगत आणि मी लिहीत असे. कधी मीच लिहून टाकायचो आणि ते नजर फिरवायचे. तबकडी कुणी फारशी वाजवणार नाही, चिठ्ठी मात्र जो येईल तो वाचणार, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

मीर साहेब भला माणूस. पन्नाशीचे, सडपातळ, अंगात शेरवानी आणि पायात धुळीनं पांढरे झालेले बूट. त्यांचा एका गोष्टीवर फार जीव होता. दख्खनमध्ये हिंदू, मुसलमान, कानडी, मराठी, तेलंगी सगळे एका गादीच्या सावलीत वाढलेत, आणि खेड्यातली बाई जात्यावर बसते तेव्हा तिच्या ओवीतही ती सावली असते, असं ते मानत. हे ते नोकरीसाठी म्हणत नसत, त्यांचा तसा विश्वास होता. पण त्यामुळं त्यांचा कान एका बाजूला कललेला असे. गाण्यात हुजूर, गादी, दर्गा, पीर असं काही आलं की त्यांचा चेहरा उजळे. सारावसुलीचं किंवा पोलिसपाटलाच्या जाचाचं गाणं लागलं की ते हलकेच म्हणत, ‘ये रहने दो, मियाँ.’ मग मी सुई उचलायचो. रागावणं नाही, दमदाटी नाही. नुसतं ‘रहने दो’.

महायुद्ध चालू असताना आम्ही सास्तूरला गेलो. तिथल्या सोजरबाई ओव्यांसाठी पंचक्रोशीत नावाजलेल्या होत्या. लग्नाची हळद दळायला आधी त्यांना बोलावणं जाई. पंचेचाळिशीच्या असाव्यात, उंच, कपाळावर गोंदण. माहेर त्याच गावचं, नवरा लवकर वारलेला, भावाशेजारी घर करून राहत होत्या. त्यांची लेक बाळंतपणाला आलेली होती.

जात्यावरचं गाणं भरणं मोठं जिकिरीचं. बाई जात्याशिवाय गात नाही, आणि जातं फिरलं की त्याच्या घरघरीत आवाज बुडतो. रिकामं जातं फिरवायला सोजरबाई तयार होईनात. शेवटी मुठीमुठीनं ज्वारी घालायची असं ठरलं. मी जात्याखाली पोतं दुमडून घातलं आणि मायक्रोफोन आढ्याला दोरीनं बांधून त्यांच्या तोंडासमोर सोडला. माझं बॅटऱ्या जोडणं चाललं होतं तोवर त्या गायला लागल्या होत्या. दुपारची वेळ होती. मीर साहेब खाटेवर बसून ऐकत होते. मीही ऐकत होतो, पण मी आवाज ऐकत होतो. काटा कुठवर जातोय, ‘स’ फाटतोय का, जातं किती येतंय. शब्दांकडं माझं लक्ष नव्हतं.

एकाएकी मीर साहेब उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘यहीं से. यहीं से लीजिए.’

मी सुई टेकवली. तबकडीवर आलं ते हे:

सरकार उठलं बाई, गाव झालं जागं
हात जोडून हुबी राहिली सारी माणसं मागं

सरकार रुसलं बाई, घास ग्वाड लागंना
त्येच्या एका हुकमाबिगर पान बी हलंना

सरकार हसलं बाई, उजाडलं माज्या दारी
त्येच्या पायाशी झिजली माजी चाकरी सारी

अशा आणखी तीन-चार. बाजू भरत आली तशी मी हात वर करून त्यांना थांबवलं. मीर साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. एवढ्या आडगावात, एक विधवा बाई हुजुरांच्या हसण्यानं आपलं दार उजळतं असं गाते, याहून त्यांना काय हवं होतं. त्यांनी मजमून सांगितला आणि मी चिठ्ठीवर लिहिलं: ‘आलाहजरतांची स्तुती.’ आलाहजरत म्हणजे निजाम. खाली तबकडीतले दोष लिहायच्या रकान्यात मी माझ्या बुद्धीनं लिहिलं: ‘शेवटी मागं बारीक आवाज.’ सोजरबाईंनी पाणी दिलं, कण्या खाऊन जा म्हणाल्या. आम्ही खाल्ल्या आणि निघालो.

पुढं अठ्ठेचाळीस साल आलं. सप्टेंबरात फौजा आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. आधीच्या वर्षात गावांनी काय सोसलं आणि नंतरच्या महिन्यात कुणाकुणावर काय गुदरलं, हे या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बोलत कुणी नाही. मीर साहेब तेव्हा दौऱ्यावर होते आणि रस्ते बंद झाले. मी त्यांना आमच्या घरी अणदूरला घेऊन आलो. चार दिवस ते आमच्या धान्याच्या खोलीत राहिले. आई त्यांना ताट नेऊन द्यायची आणि कानडीत बोलायची. ते उर्दूत उत्तर द्यायचे आणि दोघांचं छान चालायचं. स्वतःचं काय होणार हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. जिल्हा कचेरीतली तबकड्यांची खोली तापत नाही ना, खिडकीला पोतं लावलंय ना, हेच विचारत राहिले. रस्ता मोकळा झाल्यावर मी त्यांना हैदराबादच्या गाडीत बसवून दिलं. जाताना खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवली. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

पुढच्या वर्षी तबकड्यांची छाननी करायला दोघांची समिती आली. दातार साहेब पुण्याचे, खादीतले, तुरुंगवास भोगून आलेले. सुरवसे सर आमच्याच जिल्ह्यातले, तरुण, कॉलेजात शिकवणारे आणि लाल विचारांचे. दोघंही सज्जन आणि कष्टाळू होते. मला आधीच्या राजवटीचा माणूस म्हणून काढून टाकतील असं वाटलं होतं, पण दातारांनी माझ्याकडून मशीन समजून घेतलं, दोन प्रश्न विचारले आणि मला ठेवून घेतलं. ते मला ‘मन्मथराव’ म्हणत. तोवर मला कुणी राव म्हटलं नव्हतं.

दातारांनी चिठ्ठ्यांवर ‘मजमून’ खोडून ‘विषय’ केलं आणि ‘मिश्रण’ असा नवा रकाना पाडला. गाण्यात उर्दू किंवा कानडी शब्द आला की तो तिथं नोंदवायचा, म्हणजे मूळ शुद्ध मराठी गाणं कसं होतं ते कळेल. मी घरी आईशी ज्या भाषेत बोलतो ती दिवसभर मिश्रणाच्या रकान्यात लिहीत बसायचो. एकदा मी म्हटलं, साहेब, सीमेवरच्या बाईला हे शब्द मिसळलेले वाटत नाहीत, तिचे तेच आहेत. ते हसले, म्हणाले की मुद्दा विचार करण्यासारखा आहे, आणि रकाना तसाच ठेवला. सुरवसे सरांना या रकान्याशी देणंघेणं नव्हतं. त्यांना प्रत्येक गाण्यात मालक कोण आणि राबणारा कोण, एवढंच हवं असे. खंडोबाच्या गाण्यात सुद्धा ते सालगडी शोधत, आणि गंमत म्हणजे कधीकधी तो सापडत असे.

नव्या तबकड्या मिळत नव्हत्या. म्हणून ज्या ठेवण्यासारख्या नाहीत त्यांचा लेप खरवडून पत्रा पुन्हा वापरायचा असं ठरलं होतं. खुशामतीची गाणी पहिली जाणार होती. खुशामत कुठली ते चिठ्ठीवरून ठरणार होतं.

सोजरबाईंची तबकडी त्या ढिगात आली. सुरवसे सरांनी ती काढून वाजवायला सांगितली. ऐकून म्हणाले, ही स्तुती नाही. ‘सरकार उठलं’ म्हणतेय बाई. राजाला कुणी ‘उठलं’, ‘रुसलं’ म्हणतं का? राजा उठतो, हुजूर उठतात. हा तुच्छतेचा सूर आहे, हे बंडाचं गाणं आहे. दातार म्हणाले, खेड्यातल्या अशिक्षित बाईकडून आदरार्थी रूपाची अपेक्षा कशाला करता, चाकरी झिजली म्हणतेय, लाचारी स्पष्ट आहे, असली गाणी पुढच्या पिढीला कशाला ऐकवायची. वाद रंगला. पुन्हा लावा, दोघंही म्हणाले. पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. सुईच्या टोकाशी काळी पूड जमायला लागली. मी सांगितलं, साहेब, ऐकून ऐकून ही संपेल. ते म्हणाले, शेवटची एकदा.

त्या शेवटच्या वेळी करायला माझ्याकडं काहीच नव्हतं. ब्रश नव्हता, काटा नव्हता. मी नुसतं बसून ऐकलं. ‘उठलं’वर सरांनी बोट ठेवलं होतं ते बरोबरच होतं. असं राजाला म्हणत नाहीत. पण असं आपण आणखी कुणाला म्हणतो, हे मी मनात घोळवत होतो. तेवढ्यात बाजू संपत आली आणि मागचा तो बारीक आवाज आला, ज्याला मी दोष म्हणून लिहिलं होतं. तान्हं मूल रडत होतं.

दोन दिवसांची रजा घेतली आणि सास्तूरला गेलो.

सोजरबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. मला ओळखलं. बसा म्हणाल्या, पण आवाज कोरडा होता. मी कशाला आलो ते सांगायच्या आतच त्यांनी मला गावातली हकिगत ऐकवली. छाननी सुरू झाली तेव्हाच समितीकडून, चिठ्ठीच्या आधारानं, पाटलाकडं चौकशीचा कागद आला होता, अमुक बाईनं निजामाची गाणी म्हटली होती काय. कागद चावडीवर वाचला गेला. ज्या गावानं इतकं सोसलं होतं, तिथं ते लोकांना लागलं. तेव्हापासून हळदीला त्यांना बोलावणं येत नव्हतं. भावकीतल्या लग्नात जात्यापाशी दुसरी बाई बसवली.

‘तुमीच लिवलं म्हनं तसं,’ त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं. मग विचारलं, ते सरकार कोण होतं.

त्यांनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. ‘माजी नात. लेक बाळंतीण होती न्हवं का तवा? पोरगी अशी हट्टी, ती उठली का सारं घर उटायचं, ती रुसली का कुनाला जेवन ग्वाड लागंना. समदे तिला सरकारच म्हनायचो.’

‘मग चावडीवर सांगितलं का नाही तुम्ही?’

‘कुनी इचारलं न्हाय,’ त्या म्हणाल्या. ‘तुमी तरी तवा कुटं इचारलं?’

नोकरीत मला मेमो मिळाले, बोलणी बसली. पण हे एक वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. मी त्यांच्या घरात बसून कण्या खाल्ल्या होत्या. त्या तान्ह्या पोरीची झोळी माझ्या डोक्यावर टांगलेली होती. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

परत येऊन दातारांना सगळं सांगितलं. त्यांनी डब्यावरची चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, त्या बाईंचं नाव आपल्या कागदानं खराब झालं असेल तर आपण तिथं गेलं पाहिजे. तेव्हा मला ते पुरते आवडले. सुरवसे सरांचं तोंड उतरलं होतं. ‘म्हणजे त्यात काहीच नाही?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर, नात आहे.

आम्ही तिघं मशीन घेऊन सास्तूरला गेलो. दातारांनी चावडीसमोरच तबकडी वाजवायची ठरवली, सगळ्या गावादेखत. झिजते आहे हे आता त्यांना माहीत होतं, तरी म्हणाले, हिच्यासाठी झिजू दे. माणसं जमली, बाया भिंतीच्या आडोशाला उभ्या राहिल्या. सोजरबाईंना पुढं बसवलं. स्वतःचा आवाज त्या पहिल्यांदा ऐकत होत्या. सुरुवातीला पदर तोंडाला लावला. मग डोकं एका बाजूला करून नीट ऐकायला लागल्या, दुसऱ्या बाईचं गाणं तपासावं तशा. संपल्यावर म्हणाल्या, ‘हितं तर निम्मंच हाय. वरचं कुटं गेलं?’

दातारांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. वरचं काय होतं ते त्यांनी विचारलं, तेव्हा सोजरबाईंनी मांडी घातली आणि जात्याशिवाय, हातानं नुसता फेर धरत, म्हणायला सुरुवात केली:

लेकीची लेक आली, झोळी टांगली आढ्याला
दात न्हाई मुखामंदी, राज्य आलं वाट्याला

आधी बाया हसल्या. मग पुरुष हसले. पाटील हसले. कुणीतरी गर्दीतून एका सहा-सात वर्षांच्या पोरीला पुढं ढकललं. आजीकडं राहायला आली होती. हातात चिंचेचा आकडा, नाकात चमकी, आणि कपाळाला आठ्या. हेच ते सरकार. सुरवसे सरांनी तिला नाव विचारलं. तिनं नाव सांगितलं नाही आणि आजीच्या मागं जाऊन बसली. एक म्हातारी म्हणाली की हुकूम अजून तसाच चालतोय, त्यावर पुन्हा हसू उसळलं. सर स्वतः इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला.

दातारांनी जवळची एकच कोरी तबकडी काढून मला दिली आणि गाणं पहिल्यापासून घ्यायला सांगितलं. या वेळी मी सुई टेकवण्याआधी सोजरबाईंना विचारलं, कुठून सुरू करू. त्यांनी सांगितलं तिथून केलं. चिठ्ठी दातारांनी स्वतःच्या हातानं लिहिली. विषय: नात. मिश्रणाचा रकाना त्यांनी कोरा सोडला. त्याच पंधरवड्यात एका घरी हळद होती, आणि सोजरबाईंना सगळ्यांआधी बोलावणं गेलं, असं पाटलांनी पुढं मला मुद्दाम कळवलं.

मी मीर साहेबांना हैदराबादला पत्र लिहून ही सगळी हकिगत कळवली. उत्तर यायला बरेच दिवस लागले. त्यांनी लिहिलं होतं की ते उभा जन्म एक शब्द ऐकायला आतुर होते, म्हणून तो कानावर पडताच त्यांनी बाकीचं ऐकणं सोडलं. सोजरबाईंची माफी मागायला त्यांनी मला सांगितलं, आणि माझ्या आईला सलाम. पोरीसाठी आशीर्वाद म्हणून एक ओळ होती, तिचा हुकूम सलामत राहो.

इथवर मी ही गोष्ट अनेकांना सांगितली आहे. पुढची फारशी सांगत नाही.

सास्तूरहून परतल्यावर दातारांनी मला खोलीत बोलावलं. ढीग तसाच समोर होता. त्यांनी विचारलं, ‘मन्मथराव, बाकीच्या चिठ्ठ्यांचं काय? त्या बरोबर आहेत ना?’

त्यांनी मनापासून विचारलं होतं. नाही म्हटलं असतं, गावोगाव जाऊन एकेकाला विचारायला वर्षभर द्या म्हटलं असतं, तर त्यांनी दिलं असतं, याबद्दल मला आता शंका नाही. पण सगळ्या चिठ्ठ्या माझ्या हाताच्या होत्या. एक चुकली ही गंमत झाली. सगळ्याच शंकास्पद आहेत म्हणणं म्हणजे माझं आजवरचं सगळं काम पाण्यात गेलं म्हणण्यासारखं होतं. त्यात माझं लग्न नुकतंच झालेलं आणि नोकरी नव्या सरकारात जेमतेम टिकलेली.

‘बरोबर आहेत साहेब,’ मी म्हटलं.

त्या ढिगाचा लेप खरवडायचं कामही माझ्याकडंच आलं. चांगल्या कारागिरासारखं मी ते केलं. पत्रे स्वच्छ निघाले.

निवृत्त झाल्यावर वही चाळताना त्यातलं एक नाव परत परत दिसायला लागलं. वाशीचे एक शाहीर होते, डफ वाजवून गायचे. चिठ्ठीवर काय लिहिलं होतं ते वहीत होतं: ‘गादीचे गुणगान.’ एक दिवस मी बसमध्ये बसलो आणि वाशीला गेलो. बाजाराचा दिवस होता. विचारत विचारत घर सापडलं. शाहीर जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती. घरात त्यांची सून होती, स्वतःच पन्नाशीच्या पुढची. मी कोण ते सांगितलं. सासऱ्यांचं गाणं मशीनमध्ये भरलं होतं हे तिनं लग्न होऊन आल्यावर घरात ऐकलेलं होतं. ते शेवटपर्यंत त्याबद्दल बोलायचे, म्हणाली. मला बसायला घोंगडी टाकली.

मग तिनं विचारलं, ‘कंचं गानं म्हनलं व्हतं हो आमच्या मामंजींनी? त्येंनी सांगितलं व्हतं, पर आमच्या ध्यानात न्हाय राहिलं.’

वहीतलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. ते मी गिळलं. गाणं आठवायचा प्रयत्न केला, एखादी ओळ, एखादा शब्द. काही आलं नाही. डफ आठवला. त्याची थाप जड होती म्हणून तो मी दुसऱ्याच्या हातात देऊन दहा पावलं लांब वाजवायला लावला होता.

‘आवाज फार चांगला होता,’ मी म्हटलं. ‘खणखणीत. काटा कुठं थरथरला नाही.’

तिनं मान हलवली. ‘व्हय, आवाज तसाच व्हता त्येंचा,’ ती म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.